कोकणातला पहिला पावसाळा, घरात दिवसाही अंधार. रंग आणि ऊब कुठून आणू?

सोलापूरची_लेक
नमस्कार मंडळी. मी मूळची सोलापूरची. नवऱ्याची बदली रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत झाली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सामान घेऊन इथं आलो. पहिले आठ-दहा दिवस पाऊस बघून मी नुसती हरखून गेले होते, आमच्याकडं आभाळाकडं डोळे लावून बसायची सवय आणि इथं मागायच्या आधीच धो धो. पण आता आषाढ निम्मा संपला आणि गेले अकरा दिवस ऊन म्हणून दिसलेलं नाही. घर कौलारू, जांभ्याच्या भिंती, भोवती फणस नि माड, त्यामुळं माजघरात दुपारी बारालासुद्धा लाईट लावावी लागते आणि ती पण सारखी जाते. कपड्यांना कुबट वास, चपलांवर पांढरी बुरशी. मुलगी सहा वर्षांची आहे, खिडकीत बसून विचारते आई सूर्य कुठं गेला. मला चार वाजले की उगाच रडू येतं. गणपतीपर्यंत असंच असतं म्हणे. तुम्ही लोक दरवर्षी हे चार महिने काढता, घर जरा प्रसन्न वाटावं म्हणून काय करता ते सांगा ना. घर भाड्याचं आहे, रंग काढता येणार नाही, खर्चही फार नको.

पडवीतला_झोपाळा
ताई, आधी बल्ब बदला. पांढरीफेक ट्यूब असेल ना, जांभ्याच्या भिंतीवर तिचा उजेड अगदी निर्जीव दिसतो. दुकानात खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेला पिवळसर एलईडी मागा, ६५०० वाला नको. आणि तो वर आढ्याला टांगू नका, खाली कोपऱ्यात स्टुलावर दिवा ठेवा, उजेड भिंतीवर पडला की तोच जांभा संध्याकाळी मस्त तांबूस दिसतो. दुसरं म्हणजे सकाळचा चहा माजघरात घ्यायचाच नाही, पडवीत यायचं. कितीही ढग असू देत, बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो आणि शरीराला तो कळतो. कपड्यांचं म्हणाल तर पडवीत दोरी बांधून खाली टेबलफॅन लावा, कपाटात सुक्या कोळशाची कापडी पुरचुंडी ठेवा. आमच्याकडं पूर्वी निखाऱ्यावर टोपली उपडी घालून त्यावर लहान बाळाचे कपडे वाळवायचे, थोडी धूप टाकली की वासही छान यायचा. आता चुलीच राहिल्या नाहीत.

कुडाळची_मावशी
गो बाय, रडू नको हां. पावसात घर उबदार होतं ते सैपाकघरातनं. फणसाच्या आठळ्या शेजारी माग, कुणीपण ओंजळभर देईल. वरून एक चीर दे नायतर फुटून उडतात, मग निखाऱ्यात नायतर तव्यावर झाकण ठेवून भाज. लेकीला सोलायला बसव, तासभर तिला सूर्याची आठवण व्हायची नाय. रात्री कुळथाची पिठी नि मऊ भात, वर भाजलेला पापड. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या कर, तो वाफेचा वास घरभर दोन दिवस राहतो. आणि आषाढातली अवस चुकवू नको, दिव्यांची अवस. घरातले समई, निरांजन, कंदील सगळे घासूनपुसून पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे, तूप घालून खायचे. बाहेर मिट्ट काळोख असतो म्हणूनच तो सण त्या दिवशी आहे असं माझी आजी म्हणायची, मला ते पटतं.

सड्यावरचा
तुम्ही घरात रंग शोधताय, पण इथं पावसाळ्यात रंग बाहेर असतो! एवढ्यात लेकीला रेनकोट घालून रानाच्या कडेला न्या, जमिनीतून थेट वर आलेला गुलाबी-जांभळा तुरा दिसला तर ती रानहळद. श्रावणात तेरडा सुरू होईल, बांधच्या बांध गुलाबी होतात, त्याचीच पुढं गौर आणतात. शेरवडाची पांढरी पानं अंधाऱ्या झाडीत लांबूनच ओळखू येतात. कळलावी लाल-पिवळी पेटल्यासारखी दिसते, तिचा कंद विषारी असतो म्हणून मुलीला नुसती दाखवा, हात लावू देऊ नका. आणि ऑगस्टच्या शेवटी कातळसड्यावर जा. एरवी तव्यासारखा काळा तापलेला कातळ, त्यावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा नि मधे गेंदाचे पांढरे ठिपके. ही आसवं एवढीशी दिसतात, पण पाण्यातले बारीक जीव पकडून खाणारी वनस्पती आहे ती. मी पस्तीस वर्षं बघतोय, दरवर्षी थांबून बघतो.

आणि तुमच्या चार वाजताच्या रडण्यावर माझ्याकडं एकच औषध आहे, गुलबक्षी लावा. ती फुलतेच दुपार कलल्यावर. गुलाबी, पिवळी, कधी एकाच झाडावर दोन्ही. शेजाऱ्यांकडून मुळासकट रोप आणा, लगेच लागतं.

उस्मानाबाद_ते_चिपळूण
मी पण तुमच्याच बाजूची, इथं नववं वर्ष. पहिला पावसाळा मलाही असाच गेला. सोलापुरी चादरी आणल्या असतील ना, त्या पेटीत ठेवू नका, वास लागेल. लाल-हिरवी एक पलंगावर, एक खुर्चीवर टाका. धुवायची मात्र नाही, आठवडाभर वाळत नाही. एक अजून, रोज रडू येत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल तर नुसत्या फुलांवर भागवू नका, १४४१६ वर टेलिमानसची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी बोलले होते.

सोलापूरची_लेक
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मावशी, आठळ्या झाल्या, एक फुटलीच. पिवळा दिवा लावल्यावर नवरा दारातच थांबला, म्हणाला घर वेगळं दिसतंय. त्या नंबरवर काल फोन केला, बोलून बरं वाटलं. शेजारच्या काकूंनी गुलबक्षीची दोन रोपं दिली, एकावर कळ्या होत्या. काल साडेचारला पहिली उघडली, लेक पाटावर पावसात भिजत बसलेली, उठायलाच तयार नाही. आज तीन वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी विचारतेय चार वाजले का. दादा, झेंडूचं बी आता टाकलं तर गणपतीला फुलं मिळतील का?

सड्यावरचा
बी नको, त्याला दोन महिने जातील. बाजारात तयार रोपं मिळतात ती आणा, कुंडीला भोकं मोठी ठेवा नि पागोळीखाली ठेवू नका, मुळं कुजतात.