उन्हात फोटो पांढरेफटक आणि आडव्या रेघा: सेन्सर गेला की शटर? (सल्ला हवा आहे)

सागरवेळ
लोकहो, नमस्कार. बाबांचा २००८ सालचा ८ मेगापिक्सेलचा कॉम्पॅक्ट कॅमेरा आहे, सीसीडी सेन्सरवाला (सेन्सर म्हणजे चित्र टिपणारी चिप, सीसीडी हा तिचा जुना प्रकार). मुक्काम दापोली, म्हणजे पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी धरते. यंदा गणपतीत घरातले फोटो ठीक आले, पण दुपारी अंगणात काढलेले सगळे पांढरेफटक, वर आडव्या रेघा. दिवेलागणीचे पुन्हा बरे. शिवाय आकाशाच्या फोटोत उजवीकडे वर एक करडा ठिपका कायम त्याच जागी दिसतो. दुकानदाराने हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "सेन्सर उडालाय, नवीन घ्या." बाबांना हाच कॅमेरा हवा आहे. जाणकारांनी सांगावं, दुरुस्तीच्या वाटेला जावं का?

भिंगवाले_काका
सेन्सरवर खापर फोडायच्या आधी चित्र नेमकं कुठल्या टप्प्यावर बिघडतंय ते बघा. घरच्या घरी होतं, हत्यार लागत नाही.

मेनू उघडा. अक्षरं स्वच्छ दिसली तर स्क्रीन ठीक. मग त्याच कार्डावरचे दोन-तीन वर्षांपूर्वीचे फोटो कॅमेऱ्यातच उघडा. तेही स्वच्छ असतील तर फोटो उघडून दाखवणारा भाग शाबूत. आता भर उन्हात कॅमेरा फोटोच्या मोडवर ठेवा आणि बटण न दाबता नुसतं स्क्रीनवर बघा. मुख्य परीक्षा हीच. स्क्रीनवरचं दृश्य नीट आणि काढलेला फोटोच पांढरा, तर दोष बहुधा शटरचा, म्हणजे लेन्समधल्या उघडझाप करणाऱ्या पातींचा. स्क्रीनवरही जांभळं, लाटांसारखं किंवा काळं दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची रिबन केबल (चपटी वायर).

तुमची लक्षणं मला शटरकडे बोट दाखवणारी वाटतात. या कॅमेऱ्यात फोटो घेतल्यावर सेन्सरवरचा विद्युतभार बाहेर वाचून काढायला थोडा वेळ लागतो आणि तेवढा वेळ शटरच्या पाती मिटून अंधार करतात. पाती अडकल्या तर वाचन चालू असतानाही प्रकाश पडतच राहतो. असे बरेच सेन्सर एकाआड एक ओळी वेगवेगळ्या फेरीत वाचतात. नंतरच्या फेरीतल्या ओळींना जास्त प्रकाश मिळतो, म्हणून आडव्या रेघा. घरात किंवा संध्याकाळी प्रकाशच कमी, त्यामुळे दोष झाकला जातो.

खात्री करायची तर फ्लॅश बंद करा, लेन्सच्या तोंडात बघा आणि दुसऱ्या कुणाला बटण दाबायला सांगा. आत बारीक काळ्या पाती झपकन मिटून उघडायला हव्यात.

कोयनाकाठ
काकांशी सहमत. त्यात थोडी भर. सेन्सर खरोखर जाण्याची मोठी लाट येऊन गेली आहे. २००५ च्या ऑक्टोबरात सोनी, कॅनन, निकॉन, फुजी अशा कंपन्यांनी काही मॉडेलच्या सीसीडीत दोष असल्याचं जाहीर केलं आणि वॉरंटी संपलेली असली तरी फुकट दुरुस्ती दिली. उष्ण, दमट हवेत सेन्सरच्या आतली जोडणी सुटायची आणि चित्र जांभळं, वेडंवाकडं किंवा पूर्ण काळं व्हायचं. पण ते कॅमेरे साधारण २००२ ते २००४ च्या सुमाराचे. तुमचा २००८ चा, शिवाय घरातले फोटो नीट येतात. त्यामुळे हे प्रकरण ते नव्हे असं वाटतं.

कार्डही बदलून बघा. कार्ड खराब असेल तर फोटो पांढरा होत नाही. अर्धा फोटो करडा होतो किंवा मधूनच रंगीत पट्ट्यांत तुटतो.

अनघा_प
ठिपक्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो झूम न करता आणि एक पूर्ण झूम करून काढा. पूर्ण झूमला लेन्सचं प्रकाश आत सोडणारं छिद्र सहसा बारीक होतं. छिद्र बारीक झालं की सेन्सरवरची धूळ गडद आणि रेखीव दिसते, मोठं असलं की विरघळून जाते. लेन्स आत-बाहेर होताना अशा कॅमेऱ्यात हवेबरोबर धूळ ओढली जाते. एका कोपऱ्यातला ठिपका चालवून घ्या, त्यासाठी कॅमेरा खोलू नका.

बुरशीची गोष्ट वेगळी. तिचा ठिपका उमटत नाही, सगळा फोटो दुधाळ होतो आणि उजेडासमोर जास्तच धुरकट. टॉर्च तिरपा धरून काचेत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी.

सागरवेळ
मनापासून आभार. सगळं करून पाहिलं. मेनू स्वच्छ, जुने फोटो स्वच्छ, भर दुपारी स्क्रीनवर अंगणातली तुळस पानन् पान दिसतेय, फोटो मात्र पांढरा. कार्ड बदलून फरक नाही. लेन्समध्ये बघितलं तर पाती एकदा अर्ध्यावर येऊन थांबल्या, बाकी वेळा हलल्याच नाहीत. बुरशी दिसली नाही. आता खोलून पातींवर काही लावता येईल का?

भिंगवाले_काका
शटरच आहे. खोलू मात्र नका! फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. तेल तर अजिबात नको, पाती एकमेकींना कायमच्या चिकटतील. लेन्स बाहेर असताना बाजूने बोटाने हलक्या टिचक्या मारून ओळीने बरेच फोटो काढा. आळसावलेल्या पाती कधीकधी एवढ्यानेच सुटतात.

नाहीच सुटल्या तर दुरुस्तीवाल्याला "फोटो खराब येतो" असं सांगू नका. "स्क्रीनवर दृश्य नीट, शटर मिटत नाही, लेन्स युनिट बदलायचं किती?" असं विचारा. शटर लेन्स युनिटमध्येच असतं, अख्खं युनिट बदलतात. नवा भाग आता मिळणं कठीण. त्याच मॉडेलचा स्क्रीन फुटलेला कॅमेरा भंगार भावात मिळाला तर त्याचं युनिट चालतं. घेताना उन्हात एक फोटो काढून बघा. जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांना सध्या मागणी आहे, विकणारे चालू कॅमेऱ्याचा भाव सांगतील, तो देऊ नका.

अनघा_प
आणि नीट झाल्यावर हवाबंद डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्यांबरोबर ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरता येतात. चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका, दमट हवेत बुरशी तिथूनच लेन्सवर चढते.

सागरवेळ
टिचक्या मारून साताठ फोटोंनंतर दोन नीट आले, मग पुन्हा पांढरे. म्हणजे युनिटच शोधायचं. पुण्यात चुलतभाऊ आहे, त्याला जुन्या बाजारात याच मॉडेलचा स्क्रीन फुटलेला कॅमेरा बघायला सांगितलंय आणि उन्हात फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नकोस म्हटलंय. तोवर बाबा दिवेलागणीनंतरचे फोटो काढतायत.