युब्लॉक ओरिजिनच्या नावाची साइट: खरी की तोतया? खुणा लिहा

सुट्टीत घरी आलेल्या भाच्याला ‘जरा जाहिराती बंद करून दे रे’ म्हटलं की तो ‘युब्लॉक ओरिजिन’ या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनसाठी (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामसाठी) सर्चमध्ये ‘युब्लॉक’ टाकतो आणि वर दिसेल त्या साइटवर जातो. घोळ तिथेच होतो. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. किस्से नकोत, कुठे पाहायचं, काय दिसतं आणि का, तेवढंच.

वेब डेव्हलपर
आधी नावाचा गुंता. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये ‘युब्लॉक’ सुरू केलं. २०१५ मध्ये प्रकल्प दुसऱ्याच्या हाती दिला आणि लगेच त्याचीच वेगळी शाखा काढली, ती ‘युब्लॉक ओरिजिन’. जुनं नाव ‘युब्लॉक डॉट ओआरजी’कडे राहिलं. तिथे देणग्या मागितल्या जाऊ लागल्या, २०१८ मध्ये ते ‘अॅडब्लॉक’ या दुसऱ्या जाहिरात-रोधकवाल्यांनी घेतलं आणि पुढे ठरावीक जाहिराती आत सोडायला सुरुवात झाली. ओरिजिनचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, आणि गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवायच्या साइटवर त्याच्या माहितीपानावर तसं बजावलेलं आहे.
मुद्दा असा की ओरिजिनचं घर गिटहबवरचं ‘गोरहिल’ हे खातं. चकचकीत बॅनरवाली स्वतंत्र अधिकृत वेबसाइट नाहीच. त्यामुळे तशी साइट दिसली की ती कुणा तिसऱ्याची. घातक असेलच असं नाही, पण अधिकृत नक्कीच नाही. हिल देणगी मागत नाहीत, म्हणून ‘आम्हाला मदत करा’ असं बटण दिसलं की तिथूनच मागे फिरा.

एक्स्टेन्शन बनवणारी
नाव, लोगो, स्क्रीनशॉट सगळं उचलता येतं. आयडी उचलता येत नाही. क्रोम स्टोअरच्या पानाच्या पत्त्यात शेवटी ३२ अक्षरं असतात, सगळी इंग्रजी ‘ए’ ते ‘पी’ यांमधलीच. ती एक्स्टेन्शनच्या सार्वजनिक किल्लीवरून (बनवणाऱ्याच्या डिजिटल सहीच्या उघड भागावरून) निघतात, म्हणून दुसऱ्याच्या एक्स्टेन्शनला तोच आयडी स्टोअरमध्ये मिळत नाही. गिटहबवरून स्टोअरची लिंक उघडा आणि तिथली ३२ अक्षरं जुळवा. पहिली चार जुळली म्हणून सोडून देऊ नका. आधीच टाकलेलं तपासायचं असेल तर एक्स्टेन्शनचे तपशील उघडा; पत्त्यात ‘आयडी’ या शब्दापुढे तीच अक्षरं असतात.
स्टोअरमध्ये आहे म्हणजे खरंच, असंही नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘अॅडब्लॉक प्लस’च्या नावाचं नकली एक्स्टेन्शन क्रोमच्या स्टोअरमध्येच होतं. काढेपर्यंत सुमारे ३७ हजार जणांनी घेतलं होतं.

नेटवर्क सांभाळणारा
सर्चमध्ये ‘प्रायोजित’ लिहिलेली ओळ वगळा, मग ती कितीही खरी वाटो. २०२३ मध्ये ‘कीपास’ या पासवर्ड मॅनेजरच्या तोतया साइटची जाहिरात गूगलवर चालली होती. पत्त्यातल्या ‘के’खाली स्वल्पविरामाएवढी खूण होती, स्क्रीनवरचा धुळीचा कण वाटावा अशी. असा पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला की बहुतेक वेळा ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होतो, म्हणजे त्यात साध्या इंग्रजीबाहेरचं अक्षर आहे. कुलपाचं चिन्ह पाहून हुरळू नका. ते ज्यामुळे दिसतं ते साइटचं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, चोरालाही.

वेब डेव्हलपर
आणखी एक, सगळ्यात सोपी खूण. २०१८ मध्ये क्रोमनं बाहेरच्या साइटवरून थेट इन्स्टॉल करणं बंद केलं. त्यामुळे खरं बटण तुम्हाला स्टोअरच्या पानावर नेतं. झिप फाइल उतरवली, ‘डेव्हलपर मोड’ चालू करायला सांगितलं, किंवा ‘ईएक्सई’ फाइल (विंडोजवर थेट चालणारा प्रोग्राम) दिली, की थांबा. सध्या हे जास्त का दिसतं? २०२५ मध्ये क्रोमनं ‘मॅनिफेस्ट २’ या एक्स्टेन्शन बनवण्याच्या जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली. मूळ ओरिजिन त्याच पद्धतीचं, म्हणून क्रोमवर आता ‘युब्लॉक ओरिजिन लाइट’. त्याचा आयडी वेगळा आहे, घाबरू नका. ‘नव्या क्रोमवर जुनं ओरिजिन परत आणा’ म्हणणारी साइट मात्र नेमकी या हळहळीवरच जगते.

फायरफॉक्सवाली
फायरफॉक्सवर मूळ ओरिजिन अजून चालतं. मोझिलाच्या अॅड-ऑन पानावर लेखक रेमंड हिल आणि शेजारी ‘शिफारस केलेलं’ हा बिल्ला पाहा. पण इथे मोझिलाची सही असलेलं अॅड-ऑन बाहेरच्या साइटवरूनही बसतं, म्हणून परवानगीची खिडकी न वाचता ‘हो’ म्हणू नका.

ऑफिसात आयटी पाहणारा
नकली बसलंच असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी एक्स्टेन्शन काढा. काढूनही परत येत असेल किंवा ‘काढा’ हे बटणच नसेल, तर पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ टाइप करा. घरच्या संगणकावर तिथे सक्तीच्या इन्स्टॉलची ओळ दिसली तर बहुधा ईएक्सई फाइलनं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, घुसखोरी केली आहे. ती नोंद काढल्याशिवाय उपयोग नाही. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला, त्याच संगणकावरून नको. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण कुकी (तुम्ही लॉगिन आहात हे साइटला सांगणारी ब्राउझरमधली नोंद) चोरीला गेली असेल तर चोर लॉगिन न करताच आत असतो. गूगल खात्याच्या सुरक्षा पानावरून सगळ्या उपकरणांतून साइन आउट करा. पैसे गेले असतील तर भारतात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन; स्क्रीनशॉट नंतर जमवा.