मदत हवी आहे : वॉलसॉलच्या खोगीर-व्यावसायिकाच्या आयरिश पत्नीचे माहेर कसे शोधावे?

माझ्या इंग्रज यजमानांचे हे पूर्वज इंग्लंडमधील वॉलसॉलला खोगिरे बनवत. त्यांचे घराणे सहज सापडले, पत्नीचे माहेर मात्र अडले आहे. 1851 ते 1881 या चारही जनगणनांत तिचे जन्मस्थान नुसते ‘आयर्लंड’ असे आहे. 1849च्या विवाहदाखल्यावरून माहेरचे आडनाव (दुर्दैवाने आयर्लंडभर आढळणारे) आणि वडील मजूर असल्याचे कळले. आईसाठी त्या दाखल्यात रकानाच नसे. तिचा जन्म 1828च्या सुमाराचा, तर आयर्लंडमधील सरकारी जन्मनोंदणी 1864पासूनची, आणि तिथल्या 1821 ते 1851च्या जनगणनांचे बहुतेक कागद 1922 साली डब्लिनमध्ये जळाले. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या ऑनलाइन आहेत, पण पॅरिश (चर्चचा स्थानिक विभाग) ठाऊक असल्याशिवाय त्या चाळणे अशक्यप्राय आहे. विवाह कॅथलिक चर्चमध्ये झाला होता. तेव्हा तिथल्या मूळ लॅटिन नोंदीत वधूच्या आईवडिलांचे गाव मिळू शकते का, की आधी विवाहाच्या साक्षीदारांचा माग काढावा?