मदत हवी आहे: पामिटिक अ‍ॅसिडने प्रोस्टेट कॅन्सरच्या सेल्स मरतायत, मग उंदरांमध्ये ट्यूमर वाढतो कसा?

नमस्कार मंडळी, इथे सेल कल्चर किंवा लिपिड मेटाबॉलिझमवर काम केलेलं कोणी असेल तर प्लीज जरा बघा. एमएस्सीच्या डिझर्टेशनला आहारातल्या फॅटी अ‍ॅसिड्सचा प्रोस्टेट कॅन्सरच्या सेल्सवर काय परिणाम होतो हा विषय घेतलाय आणि प्लेटमध्ये जे दिसतंय ते वाचलेल्याशी जुळतच नाहीये.

हा कॅन्सर मला पहिल्यापासून वेगळा वाटत आलाय. नॉर्मल प्रोस्टेटच्या सेल्स झिंक साठवतात, त्यामुळे अ‍ॅकोनिटेज एन्झाइम दबतं आणि सायट्रेट जळण्याऐवजी बाहेर सोडलं जातं. कॅन्सर झाला की झिंक उतरतं, सायट्रेट सेल स्वतःच वापरायला लागते, काही जळतं, काहीची फॅट बनते. ग्लुकोजची भूक सुरुवातीला फारशी नसतेच, म्हणून तर साध्या ग्लुकोजवाल्या पेट स्कॅनवर सुरुवातीचा प्रोस्टेट कॅन्सर बऱ्याचदा नीट दिसत नाही. म्हणजे फॅट हेच या सेल्सचं मुख्य काम, मग बाहेरून फॅट दिली तर त्या खूश व्हायला पाहिजेत ना?

एलएनकॅप आणि पीसी-३ या प्रोस्टेट कॅन्सरच्या दोन्ही सेल लाइन्स आहेत, २०० मायक्रोमोलर पामिटिक (सॅच्युरेटेड) किंवा ओलेइक (एक डबल बाँडवालं), बीएसए या वाहक प्रोटीनला बांधून, ४८ तास, आणि नुसत्या बीएसएचा कंट्रोल लावलेला आहे (पहिला प्रश्न तोच येणार म्हणून आधीच सांगते). ओलेइकवाल्या सेल्स मस्त, फॅट लाल रंगवणारं ऑइल रेड ओ केलं की आत फॅटचे थेंबच थेंब. पामिटिकवाल्या गोल होऊन तळापासून सुटतात, सिरम कमी केलं की अजूनच वाईट.

आता २०१९ च्या नेचर कम्युनिकेशन्समधल्या पेपरमध्ये हाय फॅट खाद्याने उंदरांत मिक या सेल्सची वाढ चालवणाऱ्या जीनचा प्रोग्राम वाढून ट्यूमर पुढे सरकतो असं आहे आणि पेशंट्समध्येही सॅच्युरेटेड फॅट जास्त खाणाऱ्यांत तोच पॅटर्न दिसला. त्याच वर्षी दुसऱ्या ग्रुपने दाखवलं की फॅट आत ओढणारं सीडी३६ काढून टाकलं तर उंदरांतला ट्यूमर मंदावतो. मग माझ्या प्लेटमध्ये उलटं का? आणि सगळ्यात छळणारा प्रश्न, फॅटी अ‍ॅसिड सिंथेज स्वतः पामिटिकच बनवतं, या सेल्समध्ये ते एन्झाइम भरमसाठ असतं, मग स्वतःच्याच मालाने सेल मरते कशी?

प्रतिसाद:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीचं त्यातच आहे. सेल स्वतः पामिटिक बनवते तेव्हा ते हळूहळू येतं आणि एससीडी१ सारखी एन्झाइम्स त्यात लगेच डबल बाँड घालत जातात. तुम्ही बाहेरून एकदम ओतता तेव्हा एससीडी१ ला तो लोंढा झेपत नाही, मग पामिटिक सिरामाइडमध्ये (सेलला मारू शकणारं एक लिपिड) जातं, मेम्ब्रेनच्या फॉस्फोलिपिड्समध्ये जातं, ईआरचं (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, सेलमधलं प्रोटीन-लिपिड बनवायचं जाळं) मेम्ब्रेन कडक होतं आणि स्ट्रेस रिस्पॉन्स सुरू होऊन सेल मरते. ओलेइक सोबत असलं की पामिटिक ट्रायग्लिसराइड होऊन थेंबात बंद होतं, त्रास देत नाही. तुमचे ते लाल थेंब म्हणजे सेलचा बचाव आहे.

उंदरांचं म्हणाल तर हाय फॅट खाद्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते आणि तिच्यात ओलेइक पामिटिकपेक्षा जास्त असतं. शरीरात एकटं पामिटिक कधीच पोचत नाही, शिवाय तिथे इन्सुलिन, सूज, आजूबाजूच्या फॅट सेल्स हे सगळं आहे, जे प्लेटमध्ये नाही. त्यामुळे दोन्ही निकाल खरे असू शकतात. एकत्र दोन्ही देऊन बघा, ओलेइक थोडं जास्त ठेवा. आणि एससीडी१ चा इनहिबिटर मिळाला तर ओलेइकशिवायच्या वेल्समध्ये पामिटिकचा डोस कमी करून तो टाका, मरण वाढलं तर कारण सापडलं.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. फक्त दोन लाइन्सची तुलना करताना जपून, पीटेन हा ट्यूमर रोखणारा जीन दोन्हीत चालू नाही पण अँड्रोजन रिसेप्टर एलएनकॅपमध्येच आहे आणि फॅट बनवणारे जीन्स तो चढवतो. चारकोलने साफ केलेलं सिरम वापरायचा मोह होईल, त्यात लिपिड्स जातात तसे हार्मोन्सही जातात, मग एलएनकॅपमधला फरक नेमका कशामुळे ते सांगता येणार नाही. डीएचटी (अँड्रोजन हार्मोन) परत घातलेला एक सेट ठेवाच.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार, थेंब बचावासाठी असतात हे डोक्यातच आलं नव्हतं, मी त्यांना वाढीची खूण धरून बसले होते. मिक्स्ड डोसचा सेट या आठवड्यात लावते, डीएचटीवाला पण. अजून एक विचारते, सेल्स पामिटिक जाळतायत का हे बघायला एटोमॉक्सिर (फॅट मायटोकाँड्रियात नेणारं सीपीटी१ एन्झाइम अडवणारं औषध) वापरायचंय, जुन्या पेपर्समध्ये २०० मायक्रोमोलर दिसतं, तेवढं घ्यायचं का?

प्रतिसाद:
नको नको, तेवढ्याला मायटोकाँड्रियाचं कॉम्प्लेक्स १ (ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतला पहिला भाग) पण बंद पडतं, मग जे दिसेल ते सीपीटी१ मुळे की त्यामुळे काही कळत नाही. १० च्या आसपास पुरतं. आणि जमलं तर कार्बन-१३ लावलेलं पामिटिक द्या, सायट्रेटमध्ये लेबल आलं की जाळतायत हे सरळच दिसेल.