मदत हवी आहे: १९३९ चं चांदीचं नाणं खरं की खोटं? शनिवारच्या आत सांगा

पाचपाखाडीकर
घरात १९३९ चं चांदीचं नाणं निघालं. नेटवर कुणी लाखाच्या वर किंमत सांगतं, कुणी दोन हजार. वाशीचे एक गृहस्थ शनिवारी घरी येऊन रोख पैसे देतो म्हणतात. खरं आहे का, हे घरबसल्या कसं कळेल? आज बुधवार आहे, कृपया लवकर सांगा. फोटो जोडलाय.

राबोडीचा_राजा
फोटो दिसत नाहीये. रुपया आहे की अर्धा रुपया? अर्धा असेल तर त्या मानाने सहज मिळतो. भाव आहे तो रुपयाला.

नेरूळ_सेक्टर_सहा
विकू नका हो. वडिलोपार्जित वस्तू एकदा गेली की गेली. आमच्या आजीची पुतळ्यांची माळ अशीच गेली, आजही सगळ्यांना हळहळ वाटते.

पाचपाखाडीकर
रुपया आहे. विकायचा की नाही ते आमचं आम्ही ठरवू, आधी खरा आहे का ते सांगा. फोटो परत टाकलाय.

कळव्याची_सुमा
माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे, त्याचे दहा लाख मिळतात असा व्हिडिओ पाहिला. कुठे विकायचं?

राबोडीचा_राजा
सुमाताई, त्या नादाला लागू नका. ते २०१२ चं नाणं आहे, काल-परवापर्यंत सुट्ट्या पैशांत यायचं. आधी 'नोंदणी फी' भरायला लावतात आणि मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता.

टांकसाळ
पाचपाखाडीकर, सोपं आहे. जांभळी नाक्यावर कुठल्याही सराफाकडे वजन करून घ्या. ११.६६ ग्रॅमच्या जवळपास भरलं पाहिजे. जुना तोळा म्हणजे रुपयाचंच वजन. सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, तेव्हा आकडा ग्रॅममध्येच विचारा. वजन बरोबर भरलं की नाणं खरं, विषय संपला.

भिंगवाला
टांकसाळ साहेब, विषय इथे सुरू होतो. वजनाने फक्त ओतीव नकल पकडली जाते. १९३९ च्या बाबतीत खरी भीती वेगळीच आहे: १९३८ चा अस्सल रुपया घेऊन शेवटचा आकडा बदलतात. दोन्हीत चांदी तीच, ९१.७ टक्के. वजन तेच, आवाज तोच.

टांकसाळ
मी वीस वर्षं नाणी जमवतोय. वजन आणि पाण्याची चाचणी, एवढ्यावर मी एकदाही फसलो नाही. डिजिटल काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं धरायचं. तळाला टेकू द्यायचं नाही. काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवतो.

भिंगवाला
चाचणी चांगलीच आहे, मीही करतो. पण तिने चांदी कळते, साल कळत नाही. १९३८ चा रुपयाही काट्यावर तेवढंच दाखवेल.

घोडबंदर_रोड
पण एवढा भाव का? कमी छापले म्हणून?

भिंगवाला
नाणी छापत नाहीत, पाडतात. आणि किती पाडली यापेक्षा किती उरली ते महत्त्वाचं. १९४० पासून रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली आणि आधीचे चांगल्या चांदीचे रुपये सरकारने चलनातून काढून वितळवले. १९११ च्या रुपयाचंही तसंच. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. पाडले होते सुमारे ९४ लाख, बाहेर पडले सातेक लाख, उरलेले मुशीत गेले. १९१२ ला सोंड सुधारली. नुसता टांकसाळीचा आकडा वाचून भाव ठरवणारे इथेच चुकतात.

खारेगाव_अण्णा
विचारलं नाहीये तरी सांगून ठेवतो. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर नेता येत नाही. माझा पुतण्या सामानात टाकून निघाला होता, वेळेत अडवला.

पाचपाखाडीकर
अण्णा, आमचं परदेशी कुणी नाही. भिंगवाला, मग बघायचं काय?

भिंगवाला
नाण्यावर आकडे इंग्रजी आहेत आणि १९३९ मध्ये नऊ दोनदा येतो. दहापट भिंगाखाली पहिला नऊ नीट बघा, मग शेवटचा. इंग्रजी आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू खरवडली की नऊ होतो. तिथे सपाटी उरते, चरे उरतात, शेपूट बारीक राहते. मला एक सांगा, नाणं घासलंय का? फोटोत फार चकाकतंय.

पाचपाखाडीकर
हो, ते लिहायचं राहिलं. दर वर्षी लक्ष्मीपूजनाच्या ताटात असतं. आई आदल्या दिवशी चिंच-मिठाने घासते.

टांकसाळ
अरेरे! मग संग्राहकाचा भाव निम्म्यावर आला म्हणा. ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची होती.

राबोडीचा_राजा
घरात कधीपासून आहे? कुणी आणलं?

पाचपाखाडीकर
वडिलांनी ८५-८६ च्या सुमाराला फोर्टात फुटपाथवरून घेतलं, असं आई म्हणते. म्हणजे पिढीजात नाही, हे मलाही आजच कळलं.

भिंगवाला
मग आकडा बघितल्याशिवाय शनिवारचं काहीच ठरवू नका.

पाचपाखाडीकर
गुरुवार रात्र. वजन ११.६१. स्टेशनजवळच्या घड्याळजींनी त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग दिलं. पहिल्या नऊची शेपूट जाड आहे, टोकाला गोल. शेवटच्याची बारीक आहे आणि टोकाला तुटल्यासारखी. तिच्या डावीकडे तांदळाच्या कणीएवढा खोलगट डाग आहे, त्यात तिरपे चरे. चिंचेने घासल्याच्या रेघा सगळीकडे आहेत, पण त्या आडव्या. हे चरे वेगळे. मी तिथे उभा राहून दहा वेळा पाहिलं.

भिंगवाला
वर्णनावरून १९३८ चाच वाटतो. वाईट वाटतंय. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, पुढच्या नाणेप्रदर्शनात दोघा-तिघा जाणत्यांना दाखवा. त्या गृहस्थांना १९३९ म्हणून देऊ नका, म्हणजे उद्या तुमच्यावर बोट येणार नाही.

टांकसाळ
भिंगवाला, मान्य. माझ्या १९३९ कडेही आज रात्री भिंग घेऊन बसतो.

पाचपाखाडीकर
शनिवारचं रद्द केलं. त्यांना कारणही सांगितलं. आईला सांगितलं तर म्हणाली, साल कुठलंही असो, चांदी खरी आहे ना, मग डब्यात ठेव, दिवाळीला लागेल.

भिंगवाला
चांदी खरी आहे, दहा ग्रॅमच्या वर निव्वळ. फक्त आईंना सांगा, यंदा चिंच नको. कोमट पाण्यातून काढून सुती कपड्याने टिपायचं, चोळायचं नाही.