मनातल्या मनात मूठ वळणं
ताई, तुमच्या भावाला स्प्लिंटमध्ये (हात हलू नये म्हणून बांधलेल्या आधारात) हात असताना ‘मनात मूठ वळा’ असं सांगितलंय आणि घरचे त्याला वेळकाढूपणा म्हणतात, असं लिहिलंत. वेळकाढूपणा नाही हो तो!

आमच्या निपाणीकडं ऊस तोडताना दादाच्या बोटांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, कोयत्यानं तुटल्या होत्या. जोडलेली कंडरा सुरुवातीचे आठवडे फार नाजूक असते, जोर लावायचा नाही. पण तेवढ्या दिवसांत मेंदूची त्या हालचालीची सवय मोडते. नुसती कल्पना केली तरी मेंदूतले हालचालीचे बरेच भाग जागे होतात, कंडरेवर ताण न येता.

दादा समोर चहाचा पेला ठेवून डोळे मिटायचा आणि तो मनातच धरायचा. पेला दिसून भागत नाही, त्याचा ऊबदार काठ बोटांना जाणवायला हवा. आई त्याच्या कोपराखाली हात ठेवून बसायची, स्नायू ताठला की म्हणायची, “बाळा, खरंच ओढायलास बघ.”

नेदरलँड्समधल्या, २००९ साली छापलेल्या, कंडरा जोडलेल्या २८ रुग्णांच्या अभ्यासात, अशी कल्पना करणाऱ्यांचा हालचालीच्या तयारीला लागणारा वेळ इतरांइतका वाढला नाही. हाताच्या बाकीच्या कामात मात्र फरक दिसला नाही. म्हणून थेरपिस्टनं दिलेले व्यायाम अजिबात सोडू देऊ नका, आणि स्प्लिंट स्वतःहून काढू देऊ नका.