मोटरहोममागे गाडी ओढायची आहे: डॉली, ट्रेलर की चारही चाकं रस्त्यावर?

चाकोरीबाहेर:
मुक्काम कॅलिफोर्नियातला बे एरिया. सेकंडहँड क्लास सी मोटरहोम घेतलंय, फोर्ड ई-४५० चॅसी, लांबी ३१ फूट. जूनमध्ये आय-८० महामार्गाने डोनर पास ओलांडून यलोस्टोनला जायचा बेत आहे. मोटरहोम कॅम्पग्राउंडवर उभं करून फिरायला लहान गाडी सोबत हवी. घरात दोन आहेत: २०१३ ची होंडा सीआर-व्ही (ऑटोमॅटिक, ऑल व्हील ड्राइव्ह) आणि रॅव्ह४ हायब्रिड, तीही ऑल व्हील. रॅव्ह४ डॉलीवर (गाडीची फक्त पुढची दोन चाकं उचलणारा छोटा ट्रेलर) चढवून न्यावी असं मनात आहे. हिचवर (मोटरहोमच्या मागची जोडणी) ५,००० पौंड लिहिलंय, चॅसीच्या कागदावर मात्र एकूण जोडवजन (मोटरहोम आणि मागची गाडी मिळून) २२,०००. मग खरा आकडा कोणता धरायचा? आणि ओढलेल्या गाडीला वेगळा ब्रेक खरंच लागतो, की दुकानदार गळ्यात मारतात?

नटबोल्ट:
रॅव्ह४ चा विचार सोडा. हायब्रिडमध्ये चाकं फिरली की त्यांच्याशी जोडलेल्या मोटरीही फिरतात, आणि ऑल व्हीलमध्ये मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर असते. डॉलीवर पुढची चाकं उचलली तरी मागची रस्त्यावरच राहणार. म्हणजे ती न्यायची तर चारही चाकं ट्रेलरवर. आता बेरीज करा: गाडी साधारण ३,७०० पौंड, कार ट्रेलर २,००० च्या आसपास. झाले ५,७००. हिच तिथेच संपला. शिवाय त्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हिचवर खाली दाबतो, म्हणजे मोटरहोमच्या मागच्या अॅक्सलवर पाच-सहाशे पौंड जादा.

आकडा नेहमी सगळ्यात दुबळ्या कडीचा धरायचा. पाणी, पेट्रोल, सामान, माणसं भरून ट्रकस्टॉपवरच्या कॅट काट्यावर मोटरहोमचं वजन करा. समजा १३,९०० भरलं. २२,००० मधून वजा केल्यावर ८,१०० उरतात, पण हिच ५,००० चा, त्यामुळे तुमची मर्यादा ५,०००. टो बार (दोन्ही वाहनं जोडणारे दांडे), बेस प्लेट (तो जिला अडकतो ती गाडीच्या पुढची पट्टी), हिचची उंची बदलणारा अडॅप्टर, साखळ्या किंवा केबल, या प्रत्येकावर क्षमता लिहिलेली असते. त्यातला सर्वांत लहान आकडा तुमचा.

सीआर-व्ही साधारण ३,५०० पौंडांची, आणि २०१४ पर्यंतच्या मॉडेलला चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची परवानगी होंडाच्या मॅन्युअलमध्येच आहे. २०१५ पासून सीव्हीटी (वेगळ्या प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आली आणि ती सोय गेली. तुमची गाडी नेमकी त्याच्या अलीकडची, वाचलात! तिलाही डॉली नको, ऑल व्हील आहे. टो बारच लावा.

उताराचा_गिअर:
ब्रेकबद्दल. मोटरहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या कमाल वजनासाठी बनवलेले असतात. ई-४५० ला ते १४,५०० पौंड. २२,००० हा आकडा जोडीचा आहे, आणि मागची गाडी स्वतःचा ब्रेक स्वतः लावेल हे त्यात गृहीत आहे. अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ओढलेल्या वाहनाला ब्रेक लागतोच. डोनरवरून (सुमारे ७,२०० फूट) उतरताना साडेतीन हजार पौंड मागून ढकलत असतील तर पुढचे डिस्क तापून पेडल मऊ पडायला वेळ लागत नाही.

पोर्टेबल ब्रेकची पेटी मागच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाच्या जागी बसते आणि तिथलं ब्रेक पेडल दाबते. बसवण्यापूर्वी इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पेडलचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्युम संपेल. तो शिल्लक असताना सेटिंग केलंत तर रस्त्यावर पेडल टणक लागेल आणि पेटीचा जोर कमी पडेल. पेटी आणि सीट यांत फट नको, नाहीतर ती मागे सरकते.

ब्रेकअवे स्विचची (गाडी निसटली तर तिचा ब्रेक आपोआप लावणारा) केबल थेट मोटरहोमच्या चॅसीला अडकवा, टो बारला नाही. बारच निसटला तर त्याच्याबरोबर केबलही जाईल आणि स्विच ओढलाच जाणार नाही.

आणि ब्रेक आहे म्हणून उतारावर तो धरून बसू नका. टो/हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरबॉक्सची सेटिंग) चालू, गिअर खालचा, इंजिनने वेग रोखायचा, मधूनच ठाम ब्रेक आणि सोडून द्यायचा. कॅलिफोर्नियात काहीही ओढताना मर्यादा ताशी ५५ मैल, उजवी लेन. लांबीची चिंता नको. जोडीची मर्यादा ६५ फूट आहे, तुमची पन्नाशीच्या आसपास भरेल.

चाकोरीबाहेर:
धन्यवाद दोघांनाही, सीआर-व्ही पक्की. गिअर नुसता न्यूट्रलला टाकून निघायचं का? आणि रिव्हर्स घेता येतो?

तारजोडणी:
नुसता न्यूट्रल नाही. इंजिन सुरू, ब्रेकवर पाय, गिअर डी मध्ये ५ सेकंद, मग एन. इंजिन ३ मिनिटं चालू द्या, बंद करा, किल्ली अॅक्सेसरीवर ठेवा म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही. हँडब्रेक सोडा. आर मधून थेट एन मध्ये कधीही टाकू नका, गिअरबॉक्स जातो. ताशी ६५ मैलांच्या वर नाही, आणि दर ८ तासांनी हीच प्रक्रिया पुन्हा. तेलाचा पंप इंजिनवर चालतो. हे टाळलंत तर आतले भाग कोरडे फिरतात, आणि पुढे गाडी चालवताना त्रास होईपर्यंत कळतही नाही.

किल्ली अॅक्सेसरीवर आणि त्यात ब्रेकची पेटी, म्हणजे संध्याकाळपर्यंत बॅटरी झोपणार. मोटरहोमकडून फ्यूज लावलेली १२ व्होल्टची चार्ज लाइन ओढा. मागच्या दिव्यांसाठी गाडीच्याच वायरिंगमध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला किंवा टेल लॅम्पमध्ये स्वतंत्र बल्ब बसवा. डायोडशिवाय तार जोडली तर करंट उलटा गाडीच्या सर्किटमध्ये शिरतो.

टो बार जवळपास समांतर हवा, दोन टोकांत ३-४ इंचांहून जास्त फरक नको. जास्त असेल तर अडॅप्टर. सेफ्टी केबल बारखाली फुलीच्या आकारात, वळणाला पुरेल इतक्या सैल, पण रस्त्याला घासणार नाहीत अशा. निघताना दहा-बारा फूट सरळ पुढे जाऊन दोन्ही दांडे लॉक झाल्याचा आवाज ऐका, मग उतरून डोळ्यांनी बघा.

रिव्हर्स: नाही. दोन-तीन फूटही नाही. पुढची चाकं एका बाजूला वळून अडतात आणि बार किंवा बेस प्लेट वाकते. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा. अडकलात तर गाडी सोडवणं हाच उपाय. सपाट, सरळ जागीच सोडवा. तिरपं उभं राहिलं की पिना दाबाखाली अडकतात, आणि लोक हातोडा काढतात. त्यापेक्षा सीआर-व्ही इंचभर पुढेमागे घ्या, पिन हाताने निघेल. आणि पिन काढण्याआधी तिचा हँडब्रेक ओढा, ती एन मध्ये आहे हे विसरू नका.

नटबोल्ट:
एक राहिलं. मागच्या गाडीचा टायर बसला तर मोटरहोममध्ये काहीही जाणवत नाही. रिमवर येईपर्यंत ओढत न्याल. चार चाकांना टायर प्रेशरचे सेन्सर आणि डॅशवर त्याचा डिस्प्ले घ्या. पहिल्या दहा मैलांनी थांबून चारही चाकांच्या हबजवळ हात न्या. एखादं तापलेलं वाटलं तर ब्रेक चिकटलाय किंवा पेटी पेडल सोडत नाहीये.